मनीसाठी धरून ठेवलेली जागा

पडेगाव, संभाजीनगर
ता. १६ एप्रिल २०२४, मंगळवार

आदरणीय द्वारकाअक्कास,
धाकट्या सत्यभामाचा सप्रेम जय भीम. वि. वि.

सगळ्यांच्या आधी आली ती समोरची साळूबाई, रिकामं पातेलं घेऊन. परवाच्या भीमजयंतीची खीर बुद्धवंदना झाल्यावर बारा वाजता वाटायची ठरली होती, ही साडेदहालाच दारात. मागून गर्दी होईल म्हणाली. मी तिला सांगितलं की बाई, तू एकटी आलीस म्हणजे झालीच गर्दी. तरी पातेलं खाली ठेवीना. तिच्यामागून माझ्या सुयशच्या कंपनीतले दोघं आले, बायकालेकरांसकट, मग गल्लीतले. खिरीला पाणी कुठून आणलं ते विचारू नको. टँकर दहा दिवसांनी येतो, तवाचे दोन हंडे फडकं बांधून ठेवले होते. आसपास इतक्या इमारती झाल्यात की आमच्या गच्चीवरून आता दौलताबादचा किल्ला दिसत नाय, पण नळाला पाणी काही आलं नाय.

बरं, एक आधी सांगते, नायतर विसरून जाईन. सुयशच्या लेकीला तू मागच्या पत्रात मनू लिहिलंस. मनस्विनी नाव हाय, लाडानं काहीही म्हण, पण आपल्या घरात मनू नको गं. मनी म्हण. सुयश वाचून पोट धरून हसला.

तर मनी. आठ वर्षांची झाली, आत्ताच तिसरीची परीक्षा दिली. सकाळपासून तिनं निळ्या कागदाचे झेंडे कापले, चाळीसेक असतील, आणि वंदना झाल्यावर दारावर लावायचे म्हणून मांडीवर धरून बसली. थांबणं हेच तिला जमत नाय. दोनदा उठली, तीनदा बसली, माझ्या पदराची गाठ सोडून परत बांधली. तेवढ्यात पाहुण्यांच्या पोरीनं त्यातला एक झेंडा उचलला, नुसता बघायला. झालं. मनीनं किंचाळून खिरीचं ताट लोटलं ते थेट पाहुणीच्या साडीवर. एकीनं सल्ला दिला की एक कानाखाली वाजवली की पोरगी सरळ येते. सुयशचं तोंड लाल झालं. त्याची मूठ आवळलेली मी पाहिली.

त्या वक्ताला मनीच्या आईनं, आपल्या सुलेखानं काय केलं म्हणशील. ना ओरडली, ना पाहुण्यांच्या पाया पडत बसली. मनीला उचलून मागच्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि भिंतीला पाठ लावून खाली बसली. मी फटीतून बघितलं, खोटं कशाला बोलू. पोरगी लाथा मारतीय, बोचकारतीय, आणि ही जवळ बसलेली. हे देते ते देते नाय, की बापाला बोलावते म्हणून भ्या दाखवणं नाय. मधून मधून हळूच एवढंच म्हणायची की तुझा झेंडा घेतला, तुला राग आला, मी इथं हाय. मी असते तर एव्हाना दोन धपाटे घालून वर गुळाचा खडा देऊन मोकळी झाले असते. वीस मिनिटं गेली असतील. मग रडणं उतरलं, ताप उतरतो तसं. आणि अक्का, ती पोरगी आपण होऊन ओलं फडकं घेऊन बाहेर आली आणि त्या पाहुणीच्या साडीचा काठ पुसायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं. पाहुणीलाच काय करावं कळेना.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मागं सांगितलं होतं ते तुला लिहिलं होतं की नाय आठवत नाय. मनीला जागेवर थांबणं, राग आवरणं जड जातं, त्याला एडीएचडी म्हणतात. हा खोडसाळपणा नाय, आईनं वळण लावलं नाय असंही नाय. राग आला की आवरायची ताकद अशा लेकरात उशिरा येते, तोवर घरातल्या मोठ्यांनी आधी आपण शांत राहून तिला सावरायचं. ऐकायला सोपं हाय. मी सुलेखाला विचारलं की तुला हे जमतं कसं. ती म्हणाली की गाडीत जमतं तसंच. वेरुळच्या घाटात गाडी वळते तवा कंडक्टरनं आधी आपली कंबर सीटच्या दांड्याला टेकवायची आणि मगच तिकीट काढायचं, आपलाच तोल गेला तर पॅसेंजरच्या अंगावर पडायचं. बारा वर्षं एसटीत काढली पोरीनं, शिकली ते असं घरात वापरती.

पाहुणे गेल्यावर मात्र सुयशनं विषय काढला की मावशीच्या गावच्या वसतिगृहाचं बघावं का. सुलेखा भांडी घासत होती, तिनं ऐकलं की नाय माहीत नाय. तू बोलावतेस ते मायेनंच, पण ते लेकरू आईपासून तोडणं मला पटत नाय.

पाकीट सुलेखाच्याच हाती देतीय, तिच्या कन्नडच्या गाडीनं. तुला फोनवरचं ऐकू येत नाय हे एका परीनं बरंच झालं, नायतर प्रौढ वर्गात शिकलेलं आपलं लिहिणं गंजून गेलं असतं. दाजींना जय भीम सांग. माझ्यावरची माया आटू देऊ नको, इकडं पाणी आटलंय तेवढं पुरे.

तुझी,
सत्यभामा


कन्नड
ता. २१ एप्रिल २०२४

चि. सत्यभामास,
द्वारकाचे अ. उ. आ. आणि जय भीम.

तुझं पत्र तुझ्या दाजींनी स्टँडवरून आणलं. तुझं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग, पण मुंग्या निदान सरळ चालतात. सुनेचं कौतुक दोन पानं आणि खिरीचं अर्ध्या ओळीत. गूळ घातला होता की साखर, तेवढंही लिहिलं नाहीस.

आता मी थोरली आहे म्हणून स्पष्ट लिहिते, राग मानू नको. लेकरानं ताट लोटावं आणि आईनं शेजारी बसून राहावं, हे मला तरी कुठं पाहायला मिळालं नाही. आपली आई चिंचेची फोक कोनाड्यात ठेवायची. ती फोक वर्षात दोनदा खाली आली असेल, पण कोनाड्यात आहे एवढं पुरायचं. सुलेखा कष्टाळू आहे, गुणाची आहे. पण दिवसभर गाडीवर असते, मग घरी आली की लेकराला काही बोलवत नाही तिला. मी तिच्या जागी असते तर माझंही तसंच झालं असतं.

इथल्या वसतिगृहाच्या शाळेत तुझ्या दाजींनी सरांना सांगून मनीसाठी एक जागा धरून ठेवली आहे. पंधरा जूनच्या आत फॉर्म द्यायचा. सुयशनं फोनवर दाजींना होकार दिल्यासारखाच आहे. सुलेखाला अजून सांगितलं नाही म्हणतो. फॉर्म याच पाकिटात आहे. पाकीट तिच्याच गाडीनं येणार, म्हणून कडेनं दोऱ्याचे टाके घातलेत. ते तू सुयशच्या हातात दे.

लेकरू दर रविवारी माझ्याकडं येईल. चार खोल्यांचं घर आहे, आम्ही दोन म्हातारी माणसं आहोत, आणि मला तर कुणी हाक मारली तरी कळत नाही. तिला काय आवडतं ते लिहून पाठव. थोरलीचं बोलणं कडू लागलं तरी गिळत जा, जीव तुझ्यावरच आहे.

तुझी अक्का,
द्वारका


पडेगाव
ता. ९ मे २०२४, गुरुवार

आदरणीय अक्कास,
सत्यभामाचा जय भीम. वि. वि.

गूळ घातला होता. वेलदोडेही.

आता पाकिटाचं. सुलेखानं ड्युटीवरून आल्यावर ते आपल्या चामडी पिशवीतून काढून माझ्या हातात ठेवलं, आणि म्हणाली की मावशींच्या हातचे टाके किती बारीक असतात. अक्का, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिच्याच लेकराला घराबाहेर काढायचा कागद आपण तिच्याच गाडीनं आणवला. टाके उसवून मी तो फॉर्म तिच्यापुढं ठेवला. तू रागावशील, रागाव. तिनं पूर्ण वाचला, मागची बाजूसुद्धा. मग म्हणाली की यांनी ठरवलंच असेल तर तिला लपवून नेऊ नका. माझ्याच गाडीनं न्या, तिचं अर्धं तिकीट मीच काढीन. आणि कणीक मळायला बसली.

हे झालं पंचवीस तारखेला. खरं सांगायचंय ते परवाच्या मंगळवारचं. सकाळीच टँकर येऊन अंगणातली हजार लिटरची टाकी भरून गेला. सुयशची दुसरी पाळी होती, तो झोपलेला. मनीनं चिमण्यांच्या परळात पाणी घालायला टाकीची तोटी सोडली. तेवढ्यात शेजारच्या प्लॉटवर जेसीबी आला, तिथं आता सहा मजली होणार म्हणे. पोरगी धावली ती बघायला. तोटी तशीच. मी आत डाळ निवडत होते. साळूबाई ओरडली तवा दहा दिवसांचं पाणी गल्लीतून वाहत त्या खड्ड्यात चाललं होतं.

सुयश बाहेर आला. त्यानं हात उगारला, मनीनं तो पाहिला, आणि तो हात त्यानं टाकीवर आपटला. बोटं सुजली. तसाच गच्चीवर निघून गेला. मनी टाकीपाशी उभी राहून आपलंच मनगट चावायला लागली. मी जवळ गेले तर मलाही ढकललं. गल्ली गोळा झाली. पाण्याचं दुःख सगळ्यांनाच.

सुलेखा दोन वाजता आली. तिनं एकदा टाकी पाहिली, एकदा लेक पाहिली. क्षणभर भिंतीला पाठ टेकून उभी राहिली, डोळे मिटून. त्या क्षणात काय काय गिळलं असेल तिनं, मी बाई असून सांगू शकत नाय. मग इस्त्रीचा खाकी पंजाबी तसाच घालून चिखलात बसली. पोरीनं तिला मारलं, तिचा अंबाडा ओढून सोडला. ही नुसती तिचं मनगट आपल्या तळहातात धरून बसली, म्हणजे चावा तिच्या हाताला बसावा. हळूहळू पोरगी तिच्या मांडीत कलंडली.

तुला वाटेल इथं लाड झाले आणि संपलं. नाय. दोघी उठल्या, हातपाय ओल्या फडक्यानं पुसले, दोन कळशा घेतल्या आणि घरोघर गेल्या. प्रत्येक दारात मनीनं स्वतः सांगायचं की माझ्या हातून तोटी सुटी राहिली, एक कळशी द्याल का. सुलेखा मागं उभी, एक अक्षर बोलली नाय. पहिल्या दारात पोरीचा आवाज निघेना. चौथ्या दारात निघाला. साळूबाईनं आधी ऐकवलं की आमच्या पोरांनी असं केलं असतं तर तंगडी मोडली असती. मग दोन कळशा भरून दिल्या आणि तिसरी स्वतः उचलून आमच्या दारात आणून ओतली. मनीनं त्या दिवसापासून तोटीला लाल दोरा बांधलाय. तो दिसला की आठवतं म्हणे. हे तिचं तिनं शोधलं.

मी मग गच्चीवर गेले, सुयशपाशी. अक्का, सत्याऐंशीचा दुष्काळ आठव. रोजगार हमीच्या नालाबांधावर आपण दोघी मातीच्या पाट्या वाहायचो. हे ऊसतोडीला गेलेले. सुयश पाच वर्षांचा, पाय भुईला ठरायचा नाय, दोनदा खदानीत पडता पडता वाचला. मी त्याच्या कमरेला लुगड्याची चिंधी बांधून त्याला बाभळीला बांधायचे. सुटू नये अशी गाठ तूच शिकवलीस. आठ दिवस रडला, मग गप्प झाला. आपण म्हणलं, शहाणा झाला. दिवस मावळता सोडायला गेले की माझ्याकडं बघायचा नाय. तेही मला शहाणपणच वाटलं.

हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला की मला माहीत हाय. तू तिसावी पाटी टाकली की पाणी प्यायला माझ्याकडं यायचीस, म्हणून मी पाट्या मोजायचो. एकदा मोजण्यात चुकलो, तवा वाटलं की तू आता येत नाहीस. एवढंच बोलला बेचाळीस वर्षांचा बाप्या, आणि खाली उतरला.

आपला गुन्हा नव्हता, पोट होतं. बांधला नसता तर खदानीत गेला असता. पण सुलेखा चिखलात बसली तवा मला वाटलं की मला त्या वक्ताला कुणी निदान सांगायचं तरी, की गप्प झालेलं लेकरू शांत झालेलं नसतं.

सुयश अजून फॉर्मवर सही करतो म्हणतोय. मला त्याचं कळत नाय. तू मोठी हायेस, तुला कळलं तर मला सांग. आणि माझ्यावरचा लोभ सोडू नको, टाके उसवले म्हणून.

तुझी,
सत्यभामा


पडेगाव
ता. २६ मे २०२४

आदरणीय मावशीस,
सुयशचा सविनय जय भीम.

आई सुलेखाबद्दल लिहिते ते सगळं खरं आहे, थोडं कमीच आहे. माझ्याबद्दल ती काही लिहीत नाही, म्हणून मी लिहितो.

मनीला पाठवतोय ते ती त्रास देते म्हणून नाही. ती चिडली की माझ्या आत जे उठतं त्याची मला भीती वाटते. त्या दिवशी हात टाकीवर पडला. सहा बोटं अलीकडं पडला असता तर मनीवर पडला असता. तिनं तो पाहिला, तेव्हापासून मी खोलीत आलो की ती वही आवरून आईकडं जाते. डॉक्टर म्हणतात की तिला राग सांभाळायला शिकवायचं तर आधी आपला सांभाळावा लागतो. सुलेखाला येतं. मला नाही येत. तुमच्याकडं राहिली तर माझा हात तिच्यापासून साठ किलोमीटर लांब राहील, एवढाच हिशेब आहे.

आम्ही तिघं शनिवारी आठ जूनला येतो. सुलेखानं मनीला सगळं नीट सांगितलं आहे. मनीनं दोनच गोष्टी विचारल्या. तिथं खिडकी आहे का, आणि बाबा नको का म्हणत नाहीत.

काकांना नमस्कार. पाठीवर हात असू द्यावा.

आपला,
सुयश


कन्नड
ता. १० जून २०२४

चि. सत्यभामास,
द्वारकाचे अ. उ. आ. आणि जय भीम.

तिघांनी घरी येऊन सांगितलं असेलच, पण माझ्याकडूनही ऐक. मला ऐकू काही आलं नाही, दिसलं तेवढं सांगते.

गाडी सव्वादहाला लागली. सुलेखा ड्युटीवर होती, सगळे पॅसेंजर उतरवून मग आपली लेक उतरवली. घरी आल्यावर मनीनं दहा मिनिटांत माझ्या घरातले सगळे डबे उघडून पाहिले. मिरचीचा उघडला तेव्हा तुझे दाजी शिंकून शिंकून अंगणात गेले. एका डब्यात माझं कानाचं मशीन निघालं. मी ते का घालत नाही, असं तिनं कानाशी तोंड आणून विचारलं. मी सांगितलं की त्यात सगळेच आवाज एकदम येतात, डोकं उठतं. ती परत कानाशी येऊन म्हणाली की तिला वर्गात रोज तसंच होतं. सत्ये, बासष्ट वर्षं झाली असतील मला माणसांत वावरताना, मला कुणी इतकं चटकन समजून घेतलं नव्हतं.

दुपारी वसतिगृहात गेलो. सुलेखानं परतीच्या फेरीला बदली कंडक्टर दिला होता. सर सज्जन आहेत, त्यांना नावं ठेवणार नाही. साठ मुली आणि दोन बाया. रांगेनं पत्र्याच्या पेट्या. खिडकी आहे, तीही दाखवली. मग सुयशनं काहीतरी विचारलं, सरांनी कोपऱ्यातल्या एका खोलीकडं हात केला. नंतर कळलं की मुलगी चिडली तर शांत होईपर्यंत तिथं एकटी बसवतात.

मनीनं ते ऐकलं आणि सुटली. फाटकापाशी जाऊन गजाला लटकली, तोंड उघडं, मानेच्या शिरा टरारलेल्या. मला आवाज नाही, तरी तिच्या पाठीवरून कळत होतं किती ओरडतेय. सुयश मागं धावला. तिनं वळून त्याला मारलं, आणि त्याचा हात वर गेला. मी डोळे मिटले नाहीत. सुलेखा दहा पावलांवर होती. ती एक पाऊल पुढं आली आणि थांबली. दाजी मधे पडायला निघाले तर तिनं त्यांची बाही धरली. तू दोन पानं तिचं कौतुक लिहिलंस ना, ते सगळं त्या एका थांबण्यात होतं. आपलं लेकरू समोर रडत असताना थांबायचं, बापाला वाट द्यायची. मला नसतं जमलं.

सुयशचा उगारलेला हात गजावर गेला. घट्ट धरला त्यानं. मग गजाला पाठ घासत खाली बसला, नव्या पँटसकट खडीत. त्याचे ओठ हलत होते. पोरगी मारत होती, तो हात आडवा धरत नव्हता, फक्त बोलत होता. पुष्कळ वेळ. मग तिचं तोंड मिटलं. ती त्याच्याजवळ गेली, सुलेखाकडं नाही, त्याच्याकडं, आणि त्याच्या बुटावर एकेक खडा रचत बसली. रडत होता तो सुयश.

तो उठल्यावर मी त्याला धरलं की काय सांगत होतास ते माझ्या कानात सांग. म्हणाला की मी तिला सांगितलं, मलाही तुझ्याएवढीच भीती वाटतीय, पण मी इथून उठून जाणार नाही.

मी मग आत गेले आणि सरांना सांगितलं की ही जागा दुसऱ्या लेकीला द्या. नावडी गावची एक मुलगी वाट पाहत होतीच. तुझ्या दाजींचा शब्द गेला म्हणून ते फुगले, पण जेवले नेहमीसारखेच.

आता तुझ्याजवळ एक कबूल करते. गाठीचं तू लिहिलंस ते मी तीनदा वाचलं. ती मीच शिकवली होती. आणि ही जागा मी मनीच्या भल्यासाठी धरली असं सगळ्यांना सांगितलं, त्यात माझं रिकामं घर निम्मं होतं. सुलेखाला मी हे सांगितलं. तिनं माझं मशीन पदरानं पुसून माझ्या कानात घातलं आणि विचारलं की आम्ही असं अधूनमधून राहायलाच आलो तर चालेल का. ऐकू आलं मला.

तुझं अक्षर वाकडं असलं तरी पत्र लांबच लिहीत जा. या थोरलीला धरून राहा.

तुझी अक्का,
द्वारका

ता. क. तेवीस जूनला रविवारी सुलेखाची सुट्टी आहे. सकाळच्या पहिल्या गाडीनं तिघं येतो म्हणून गेलेत, आणि तुलाही आणणार आहेत.